धागा : बजेट मार्चात, पाऊस मेमध्ये, आणि पोकलेन?

शिवारकर
2 जून 2025, सकाळी 7.40

नमस्कार मंडळी. दोन वर्षं इथं नुसता वाचत होतो, आज राहवलं नाही म्हणून धागा काढतोय. लांबलंय, चहा घेऊन बसा.

आमचं शिवार बेळगावजवळ, वडगाव आणि येळ्ळूरच्या मधलं. अडीच एकर, त्यातलं एकरभर बासमतीचं. कडेनं एक ओढा जातोय, तो पुढं बळ्ळारी नाल्याला मिळतोय. लहानपणी आम्ही त्यात खेकडे धरायचो. आता शहराचं सांडपाणी, प्लास्टिक आणि वर जलपर्णीची गादी. म्हैस वरनं चालत जाईल असं वाटतंय.

यंदाचा मे तुम्ही बघितलाच. तिसऱ्या आठवड्यात लागला तो थांबायचं नावच नाही, आणि मान्सून 24 मेलाच केरळात. थोरल्या भावानं धूळवाफ पेरणीसाठी, म्हणजे पावसाआधी कोरड्या मातीत पेरायला, रान करून ठेवलेलं. बी अजून पोत्यात आहे. शेजारच्या काकांनी घाई करून पेरलं होतं, त्यांचं बी पाण्याखाली कुजलं. वास येतोय अजून.

आता मुद्दा. ओढ्यातला गाळ काढायचा अर्ज आम्ही गेल्या नोव्हेंबरात दिला. पोकलेन आलं 27 मेला! मी बांधावर उभा राहून बघितलं. ड्रायव्हर बिचारा जलपर्णी उचलून काठावरच टाकत होता, दुसरीकडं न्यायला टिपरच नव्हता. रात्री पाऊस, सकाळी सगळी जलपर्णी परत ओढ्यात. तिसऱ्या दिवशी पोकलेन स्वतःच रुतलं, मग ते ओढून काढायला दुसरं आणलं. ड्रायव्हरला विचारलं, एवढ्या उशिरा का ओ? म्हणाला, "साहेब, ऑर्डरच परवा निघाली."

7 मार्चला बेंगळूरला 4,09,549 कोटींचं बजेट मांडलं. माझा प्रश्न साधा आहे. एवढ्यातनं आमच्या ओढ्यापर्यंत पैसा येतोय तो कुठल्या वाटेनं, आणि त्याला दरवर्षी पावसातच का यायचं असतंय?


गप्प_बसा
2 जून 2025, सकाळी 8.05

दुसऱ्या पोकलेनचं बिल पण गाळ काढल्याच्याच खात्यात पडलं असणार बघा. रुतलेलं काढलं म्हणजे काढलंच की ओ.


टिळकवाडीची_मावशी
2 जून 2025, सकाळी 9.30

शिवारकर, वाईट वाटलं वाचून. काकांना विमा तरी आहे का?

शहरात आमची वेगळीच तऱ्हा. पेपरात रोज राकसकोप जलाशयाची पातळी छापून येते, 2475 फुटांना भरतो. भरला की सगळ्यांना हायसं वाटतं, दोन महिन्यांनी नळ चार दिवसांआड येतो तो येतोच. 2008 साली दहा वॉर्डांत चोवीस तास पाणी सुरू झालं, तेव्हा वाटलं आता आपलीही पाळी येईल. माझी मुलगी तेव्हा तिसरीत होती. आता तिला मुलगी आहे. रस्ता मात्र दोनदा खणून झाला.

मला आकडे कळत नाहीत, पण खणायला पैसा असतो आणि नंतर बुजवायला नसतो, एवढं कळलंय.


जुनाखातेदार
2 जून 2025, दुपारी 2.15

मावशींनी शेवटच्या वाक्यात जे म्हटलं, तोच या धाग्याचा गाभा आहे. मी 31 वर्षं एका खात्याच्या हिशेब शाखेत काढली. कुठलं ते विचारू नका, पेन्शन चालू आहे.

शिवारकर, मुख्यमंत्री वाचतात ते भाषण. बजेट म्हणजे त्यासोबतची जाडजूड पुस्तकं. भाषणात टाळ्या असतात, पुस्तकात शीर्षं, म्हणजे खर्चाची खाती. प्रत्येक शीर्षाला चार आकडी नंबर, आणि तो देशभर सारखाच. पहिला आकडा बघायला शिका. 2 किंवा 3 असला तर महसुली खर्च, म्हणजे पगार, दुरुस्ती, वीजबिल, नेहमीचं चालवणं. 4 किंवा 5 असला तर भांडवली, म्हणजे नवं बांधणं. लघु पाटबंधारे महसुलीत 2702, भांडवलीत 4702. पूरनियंत्रण आणि निचरा 2711 आणि 4711. वनखातं 2406. पर्यावरण 3435. पाणीपुरवठा 2215 आणि 4215.

आता तुमचा ओढा. नवा बंधारा बांधायचा म्हटलं तर 4 वाली शीर्षं. फलक लागतो, नारळ फुटतो, फोटो येतो. गाळ काढायचा म्हटलं तर 2 वालं शीर्ष, आणि त्यातला बराचसा भाग पगार आणि वीजबिलातच संपतो. उरतं त्यात अख्ख्या तालुक्याची दुरुस्ती. पैशाची तंगी आली की पहिली कात्री इथंच लागते. पगार कापता येत नाहीत, व्याज कापता येत नाही, यंदा गृहलक्ष्मीसारख्या हमी योजनांना 51,034 कोटी ठेवलेत तेही कापणार नाहीत. गाळ गप्प पडून असतो, त्याला मत नाही.

(हमी योजनांवर इथं भांडू नका. माझ्या घरातही गृहलक्ष्मीचे दोन हजार येतात आणि ते कुठं जातात हे मला माहीत आहे.)

दुसरी गोष्ट, प्रत्येक शीर्षापुढं एकच आकडा नसतो. यंदाचा अंदाज, गेल्या वर्षाचा मूळ अंदाज, गेल्या वर्षाचा सुधारित अंदाज आणि त्याच्याही आदल्या वर्षाचा प्रत्यक्ष खर्च, असे रकाने असतात. पेपरवाले पहिला छापतात. आमच्या ऑफिसात आम्ही शेवटचा आधी बघायचो. 100 ठेवले, सुधारितमध्ये 70 झाले आणि खर्च 55, असं तीन वर्षं दिसलं की समजायचं, हे शीर्ष शोभेचं आहे.

आणि आता तुमचा खरा प्रश्न, पावसातच का? वर्ष सुरू होतं 1 एप्रिलला. त्या दिवशी पैसा हातात येतो असं लोकांना वाटतं. एप्रिलात कृती आराखडा जातो, त्याला मंजुरी, मग पहिला हप्ता सुटतो, मग एस्टिमेट, टेंडर, ऑर्डर. धावपळ केली तरी मे उजाडतो. गाळ काढायचे दिवस कुठले? शिवार कोरडं असतं ते, म्हणजे फेब्रुवारी ते मेचा पहिला आठवडा. त्यातला फेब्रुवारी-मार्च जातो जुन्या वर्षाची बिलं काढण्यात. मार्चएंडला कोणी नवं काम सुरू करत नाही, 31 ला उरलेला पैसा परत जातो. म्हणजे कोरडे दिवस बरोबर दोन वर्षांच्या सांध्यात सापडतात. कुणी चोर असो वा साव, पोकलेन मेच्या शेवटीच येणार. चोर असला तर जूनमध्ये.


गप्प_बसा
2 जून 2025, दुपारी 2.40

काका, शेवटची ओळ प्रिंट काढून भिंतीला लावूलालोय.


कणकुंबीकडचा
2 जून 2025, रात्री 9.10

जुनाखातेदारकाका, 4 वाल्या शीर्षांचं आमच्याकडनं ऐका.

खानापूर तालुक्यातला माणूस मी, कणकुंबीपासनं जवळच. मलप्रभा आमच्या इथं जन्मते, माउलीच्या देवळाजवळ. म्हादईला मिळणारा कळसा नालाही इथलाच. कळसा-भांडुरा म्हणजे हे पश्चिमेला जाणारं पाणी वळवून मलप्रभेत सोडायचं आणि ते खाली नवलतीर्थच्या धरणात न्यायचं. म्हादई लवादानं 14 ऑगस्ट 2018 ला निकाल दिला. कर्नाटकाला 13.42 टीएमसी. ऐकायला मोठं, खरं त्यातलं 8.02 विजेसाठी, 1.5 खोऱ्यातल्याच वापराला, आणि वळवायचं ते 3.9. कळशाचं 1.72, भांडुऱ्याचं 2.18. केंद्रानं राजपत्रात छापलं फेब्रुवारी 2020 मध्ये. लगेच मार्चच्या बजेटात 500 कोटी. फेब्रुवारी 2023 मध्ये, निवडणुकीच्या तोंडावर, 1000 कोटी. सुधारित आराखड्याला केंद्रीय जल आयोगाची मान्यता डिसेंबर 2022 ची. वनखात्याची आणि वन्यजीव मंडळाची परवानगी नाही, गोवा कोर्टात, काम जिथल्या तिथं.

मग हे पैसे जातात कुठं? घोषणेला टाळ्या हुबळी-धारवाडला पडतात, कालवा खणलेला दिसतो आमच्या गावाला. तो जुना खणलेला कालवा पावसाळ्यात येऊन बघा, दोन्ही काठ ढासळून माती आतच उतरते. आणि मे महिन्यात आमच्याच वाड्यावस्त्यांवर बायका झऱ्यावर वाटी-वाटीनं घागर भरतात. दीड-दोन मीटर पाऊस पडणारा मुलूख म्हणायचा तर त्याच्या दुप्पट पडतोय, आणि उन्हाळ्यात ही दशा. नदीच्या उशाला तहान.

जंगलाचं तर विचारू नका. भीमगड अभयारण्य 2011 साली जाहीर झालं, 190 चौरस किलोमीटर. रस्त्यासाठी झाडं तोडली की भरपाईचा पैसा वनीकरण निधीत जमा होतो, 2016 चा कायदा आहे, 90 टक्के राज्याला परत मिळतो. मिळतो तो कुठं लावतात? माझ्या डोळ्यांदेखत माळावर अकेशियाच्या रांगा लावल्यात. जांभूळ, किंदळ, नाणा तोडून अकेशिया. त्याखाली गवतसुद्धा येत नाही, झरा काय राहणार.


सीमाबांधव
2 जून 2025, रात्री 9.45

सगळ्याचं मूळ एकच. 1956 ला चुकलं ते चुकलं. आपण मराठी म्हणून आपल्या भागाला बजेटात वाटाणेच. महाराष्ट्रात असतो तर ही वेळ आली नसती.


निपाणीचा_पाहुणा
2 जून 2025, रात्री 10.20

दादा, भावना समजते, मीही 1 नोव्हेंबरला काळी फीत लावूनच फिरतो. खरं वेदगंगेचा पूर येतो तेव्हा काठावरच्या कागलवाल्याचं आणि निपाणीवाल्याचं ऊस सारखंच बुडतंय. ऑगस्ट 2019 ला यमगर्णीजवळ पाणी हायवेवर आलं आणि पुणे-बेंगळूर रस्ता बंद पडला. त्या ट्रकांच्या रांगेत दोन्ही राज्यांचे ड्रायव्हर आमच्या घरची भाकरी खात होते. पलीकडं पण अलमट्टीच्या नावानं बोटं मोडणं आणि पंचगंगेचं काळं पाणी आहेच की.

मला दुसरंच सांगायचंय. 2019 ला पूर्ण पडलेल्या घराला राज्यानं 5 लाख जाहीर केले. आमच्या गल्लीत ते मिळालेही, हप्त्याहप्त्यानं. म्हणजे बुडाल्यावर पैसा निघतो. आपत्ती निधी तयार असतो, 75 टक्के केंद्राचा, 25 राज्याचा, वेळ आली की हात घालायचा. बुडायच्या आधी तो हात कुठं असतो? दूधगंगेच्या काठाला पिचिंग, म्हणजे दगडांचं अस्तर, मागून आम्ही थकलो. पिचिंगला टेंडर लागतं, पंचनाम्याला तलाठी पुरतो.


खानापूरची_वैशू
3 जून 2025, सकाळी 6.50

मी आमच्या गावच्या महिला संघात आहे, एक वर्ष पंचायतीची मेंबरही होते. बाप्ये मंडळी कोटींत बोलूलालात, मी जरा हजारांत बोलते.

आमच्या गावात घरोघरी नळ आला, जलजीवन मिशनचा. कन्नडात 'मनेमनेगे गंगे', म्हणजे घरोघरी गंगा. नियम माणशी रोज 55 लिटर. पाइप, तोटी, टाकीचा खर्च केंद्र आणि राज्यानं निम्मा-निम्मा केला. छान झालं. मग बोअरच्या मोटारीचं वीजबिल आणि नीरगंटीचा, म्हणजे पाणी सोडणाऱ्याचा, पगार कुणी द्यायचा? पंचायतीनं. मार्चात बोअर आटला, तोटीला आमच्या शेजारणीनं प्लास्टिकची पिशवी बांधून ठेवलीय, धूळ जाऊ नये म्हणून. नळ नवा कोरा आहे अजून!

पंचायतीला वित्त आयोगाचा पैसा येतो त्यातला 60 टक्के बांधलेला असतो, निम्मा पाण्याला आणि निम्मा स्वच्छतेला. तो रस्त्याला वापरता येत नाही. हे मी मेंबर झाल्यावर पीडीओंकडनं (पंचायतीचे विकास अधिकारी) कळलं, तोवर मला वाटायचं अध्यक्ष म्हणतील तिथं खर्च होतो. त्यातनं आम्ही जुनी सरकारी विहीर उपसून घेतली. ती बोअरपेक्षा जास्त टिकली.

आणि गाळाचं म्हणाल तर आमच्या तळ्याचा गाळ उद्योग खात्रीतनं, म्हणजे रोजगार हमीतनं, आम्ही बायकांनीच काढला, मार्च-एप्रिलमध्ये, फावडं आणि पाटी घेऊन. तिथं मशीन चालत नाही, ठेकेदार चालत नाही. 1 एप्रिलपासनं हजेरी 370 रुपये झालीय. पगार उशिरा येतो, उन्हात पाठ भाजते, सगळं खरं. खरं 20 मेला पाऊस लागला तेव्हा आमचं तळं रिकामं आणि तयार होतं. तुमच्या पोकलेनला ऑर्डर यायच्या आधी. काढलेला गाळ ज्याला पाहिजे त्यानं ट्रॉलीनं शेतात नेला, तळ्याच्या काठावर एक पाटीसुद्धा ठेवला नाही.


शिवारकर
3 जून 2025, दुपारी 1.30

ताई, दंडवत. तुमची पोस्ट भावाला वाचून दाखवली. तो म्हणतोय आमच्या ओढ्यात बायका-माणसं कशी उतरवायची, आत शहराची गटार आहे, काचा आहेत, सुया आहेत. तेही खरंच.

काकांनी सांगितल्यावर काल मी तीन ऑफिसं फिरलो. पहिल्या ठिकाणी म्हणाले ओढा महसूलचा, आम्ही फक्त तलाव बघतो. दुसऱ्या ठिकाणी म्हणाले सांडपाणी शहराचं आहे तर शहरवाल्यांना विचारा. तिसऱ्या ठिकाणी एका बाईंनी नीट नकाशा काढून बघितला, आणि म्हणाल्या तुमचा अर्ज आमच्याकडं आहे, 28 नोव्हेंबरचा शिक्का आहे, खरं तो "निधी उपलब्धतेनुसार" या शेऱ्यासह फाइलला लावलाय. चहा पण दिला. मी विचारलं, मग मेमध्ये आलेलं पोकलेन कुणाचं? त्यांना माहीत नाही!

म्हणजे मंडळी, ज्या पोकलेननं काम केलं ते आमच्या अर्जावरचं नव्हतंच.


गप्प_बसा
3 जून 2025, दुपारी 1.42

भूत होतं ते. रुतलं म्हणून दिसलं.


जुनाखातेदार
3 जून 2025, सायंकाळी 5.00

भूत नाही हो. अतिवृष्टीच्या इशाऱ्यानंतर वरून तोंडी आदेश निघतो, तातडीचं काम म्हणून मशीन लावतात, कागद मागून जमवतात. अशा कामात टिपर धरलेला नसतो, म्हणून गाळ काठावर.

आता कामाचं बोलू. तुमचा अर्ज नोव्हेंबरच्या शेवटी गेला, हीच चूक. खात्यांचे पुढच्या वर्षाचे प्रस्ताव दिवाळीच्या आसपास वर जायला लागतात. त्याआधी, म्हणजे सप्टेंबरात, अर्ज पाहिजे, आणि त्यात 'गाळ काढा' एवढंच नको. ओढ्याची लांबी, किती घनमीटर, गाळ टाकायची जागा, आणि मुख्य म्हणजे 'काम फेब्रुवारीत सुरू करणे आवश्यक' हे वाक्य. दोन वर्षांचं देखभालीचं कंत्राट मागा. एकदा ऑर्डर निघाली की 31 मार्च मध्ये आला तरी काम तुटत नाही, बिल पुढच्या वर्षात पडतं. आमच्या वेळी दोन ठिकाणी असं केलेलं मी स्वतः पास केलंय.

दुसरं, डिसेंबरात बेळगावच्या सुवर्णसौधमध्ये विधिमंडळाचं अधिवेशन भरतं तेव्हा पुरवणी मागण्या येतात. बजेटात राहिलेलं तिथं घुसवता येतं. ती इमारत 2012 पासून तुमच्याच शिवारांच्या शेजारी, हलग्याच्या माळावर उभी आहे. तिथं आमदाराला ओढ्यावर नेऊन उभं करायला गाडीनं वीस मिनिटं लागतात.

वैशूताईंना एक. ऑगस्ट-सप्टेंबरात ग्रामपंचायतीची जमाबंदी असते, वर्षाचे हिशेब लोकांपुढं मांडायचे असतात. बहुतेक गावांत पाच माणसं येतात आणि चहा पिऊन जातात. तुमचा संघ घेऊन बसा, पाण्याच्या बांधील पैशाचं रजिस्टर मागा.


सीमाबांधव
3 जून 2025, सायंकाळी 6.15

काका, तुम्ही सांगितलेली बजेटची पुस्तकं मी वेबसाइटवर उघडली. सगळं कन्नड आणि इंग्रजी. मराठी माणसानं वाचायचं कसं? यावर बोला की कुणीतरी. कालचं मी रागात लिहिलं, खरं हे चुकीचं आहे का?


खानापूरची_वैशू
3 जून 2025, रात्री 8.30

चुकीचं नाही दादा, मराठीतनं कागद मिळायला पाहिजे हा हक्कच आहे, तो मागत राहूया. तोवर माझी धाकटी कन्नड शाळेत आठवीला आहे, तिला विचारलं. गाळ म्हणजे 'हूळु'. नाल्याला 'हळ्ळ', तळ्याला 'केरे', दुरुस्तीला 'दुरस्ति'. फाइलमध्ये शोधताना हे शब्द कन्नड लिपीत टाइप करायचे. तिनं अर्ध्या तासात आमच्या तालुक्याची अकरा कामं काढून दिली. त्यातलं एक आमच्याच तळ्याचं आहे. आम्ही बायकांनी काढलेला गाळ.


गप्प_बसा
3 जून 2025, रात्री 8.34

थांबा थांबा. म्हणजे उद्योग खात्रीत एकदा आणि तिकडं परत एकदा?


खानापूरची_वैशू
3 जून 2025, रात्री 8.41

तेच बघायचंय. मंजूर दिसतंय, बिल निघालंय का ते कळत नाही. अजून कुणावर आरोप नको. जमाबंदीला जाताना प्रिंट घेऊन जाते.


शिवारकर
4 जून 2025, सकाळी 7.10

ताई, तुमच्या मुलीकडनं आमचा अर्ज कन्नडात लिहून मिळेल का? मसुदा काकांनी सांगितला तसा मराठीत करतोय. लांबी आज मोजली, भावानं दोरी धरली, 840 मीटर. दोन ठिकाणी काठ खचलाय, तिथं कंबरभर पाणी आहे म्हणून अंदाजानं धरलंय. दोन्ही भाषांतला अर्ज एकाच कागदाला टाचून सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी देणार.

पेरणीचं म्हणाल तर धूळवाफ हातची गेली. शेजारच्या काकांनी त्यांच्या पोत्यातलं उरलेलं बी आमच्या उंच वाफ्यात तरव्याला, म्हणजे रोपं करायला, टाकलंय, त्यांच्या रानात अजून गुडघाभर पाणी आहे. रोप जगलं तर दोघांत वाटून लावणार.


खानापूरची_वैशू
4 जून 2025, सकाळी 7.25

पाठवा. रविवारपर्यंत देते. तिची परीक्षा नाही, फक्त मोबाइल मागते बदल्यात.